प्रकल्प नोंदी: दोन गुणिले दोन अभिकल्पातील आंतरक्रिया

१ जुलै
मानसशास्त्राच्या एम.ए. भाग एकच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेतील घटकीय अभिकल्पाचे (एकाच प्रयोगात दोन किंवा अधिक घटक एकत्र तपासणाऱ्या मांडणीचे; दोन गुणिले दोन म्हणजे दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या) प्रकरण नव्याने लिहिण्याचे काम आजपासून हाती घेतले. जुने प्रकरण अडीच पानांचे आहे आणि त्यातील दोन पाने प्रचरण विश्लेषणाच्या (गटांच्या सरासऱ्यांतील फरक तपासण्याच्या पद्धतीच्या) सूत्रांनी व्यापलेली आहेत. आंतरक्रियेच्या अर्थाविषयी त्यात एकच वाक्य आहे: एका स्वाश्रयी परिवर्त्याचा परिणाम दुसऱ्या परिवर्त्याच्या पातळीनुसार बदलत असेल, तर त्या दोहोंत आंतरक्रिया आहे असे म्हणतात. वाक्य बरोबर आहे; स्वाश्रयी परिवर्त्य म्हणजे प्रयोगकर्ता स्वतः बदलतो तो घटक. मात्र गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिक वह्या पुन्हा चाळल्या तेव्हा दिसले की विद्यार्थी ते जसेच्या तसे उतरवतात आणि पुढच्याच ओळीत ‘गोंगाट आणि अध्ययन यांचा एकमेकांवर परिणाम झाला’ असे लिहून मोकळे होतात. दोष काही अंशी आपल्या शब्दाचाही आहे, कारण ‘आंतरक्रिया’ म्हटले की दोन माणसांतल्या देवाणघेवाणीसारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रयोगात तसे काही घडत नाही. दोन्ही परिवर्त्यांच्या पातळ्या प्रयोगकर्ताच ठरवून देतो. ती परिवर्त्ये एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, त्यांची गाठ पडते ती फक्त आश्रयी परिवर्त्याच्या, म्हणजे प्रयोगात मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच्या, मापनात. प्रकरणाची सुरुवात या गैरसमजापासूनच करावी असे ठरवले.

३ जुलै
पहिले उदाहरण शेतीचे घेतले, आणि ते केवळ सोपे म्हणून नव्हे. घटकीय अभिकल्प मानसशास्त्रात आला तो शेतातूनच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना १९२६ साली शेतावरील प्रयोगांच्या मांडणीवर एक लेख लिहिला आणि निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा या रूढ समजुतीला त्यात विरोध केला. पुढे त्याच केंद्रातील फ्रँक येट्स यांनी १९३७ साली या अभिकल्पांची पद्धतशीर मांडणी केली.

कोरडवाहू रानात पावसाने ओढ दिली असताना युरिया टाकला तर फायदा होत नाही, उलट पीक करपण्याची भीती असते. तोच युरिया पाण्याची सोय असलेल्या रानात पीक उभे करतो. ‘युरियाने उत्पन्न किती वाढते?’ या प्रश्नाला पाण्याचा उल्लेख न करता उत्तर देता येत नाही, एवढेच आंतरक्रियेचे म्हणणे आहे. युरिया पाण्यावर परिणाम करतो किंवा पाणी युरियावर, असे येथे कोणीही म्हणत नाही. माझ्या वर्गातील निम्मी मुले शेतकरी घरांतली असल्यामुळे हे उदाहरण फोडून सांगावे लागणार नाही.

८ जुलै
आज दिवसभर एकाच तक्त्यावर काम केले. डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली यांनी १९७५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीमध्ये प्रसिद्ध केलेला पाणबुड्यांवरील प्रयोग दोन गुणिले दोन अभिकल्पाचा नमुना म्हणून सर्वत्र शिकवला जातो, पण पाठ्यपुस्तकांत त्याचा निष्कर्ष येतो आणि आकडे गाळले जातात. स्कॉटलंडमधील ओबानच्या परिसरात विद्यापीठाच्या डायव्हिंग क्लबमधील १८ जणांनी ३६ असंबद्ध शब्दांच्या याद्या ऐकल्या, कधी किनाऱ्यावर तर कधी पाण्याखाली; त्यानंतर प्रत्यावाहन, म्हणजे ते शब्द आठवून लिहिणे, हेही कधी त्याच ठिकाणी, कधी दुसऱ्या ठिकाणी करवून घेतले. प्रत्येक प्रयुक्त (प्रयोगात भाग घेणारा) चारही स्थितींतून गेला. आठवलेल्या शब्दांच्या सरासऱ्या अशा आल्या: किनाऱ्यावर शिकून किनाऱ्यावरच आठवले तर १३.५, किनाऱ्यावर शिकून पाण्याखाली आठवले तर ८.६, पाण्याखाली शिकून किनाऱ्यावर आठवले तर ८.४ आणि पाण्याखाली शिकून पाण्याखालीच आठवले तर ११.४.

(शोधनिबंधात एक पाणबुड्या प्रयोगाच्या वेळी लष्कराच्या जुन्या, पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीखाली येता येता वाचल्याचा उल्लेख आहे. ‘बाह्य परिवर्त्यांचे नियंत्रण’ शिकवताना तो कामी येईल.)

विद्यार्थ्यांनी हातानेच करावयाचे गणित लिहून काढले. शिकण्याच्या ठिकाणाचा मुख्य परिणाम, म्हणजे दुसरा घटक बाजूला ठेवून त्या एकट्याचा सरासरी परिणाम, पाहायचा तर किनाऱ्यावर शिकलेल्यांची सरासरी ११.०५ आणि पाण्याखाली शिकलेल्यांची ९.९, म्हणजे फरक १.१५ शब्दांचा. आठवण्याच्या ठिकाणाचा मुख्य परिणाम त्याहूनही लहान: १०.९५ वजा १०.०, म्हणजे ०.९५. एवढेच पाहणारा माणूस म्हणेल की जागेने फारसे काही बिघडत नाही. आता ओळींच्या आत शिरून पाहिले की चित्र पालटते. किनाऱ्यावर शिकलेल्यांना पाण्याखाली जाऊन आठवायला लावल्याने ४.९ शब्दांचा तोटा झाला, तर पाण्याखाली शिकलेल्यांना तसेच पाण्याखाली ठेवल्याने ३.० शब्दांचा फायदा झाला. ४.९ मधून उणे ३.० वजा केले की ७.९ येतात. फरकांमधला हा फरक म्हणजेच आंतरक्रिया. पुस्तिकेत ही संज्ञा पहिल्यांदा येईल ती याच वजाबाकीच्या शेजारी, आणि सूत्रे त्यानंतर.

हाच तक्ता दुसऱ्या रीतीनेही वाचता येतो. शिकण्याची आणि आठवण्याची जागा जुळणाऱ्या दोन कप्प्यांची सरासरी १२.४५ येते आणि न जुळणाऱ्या दोन कप्प्यांची ८.५; फरक ३.९५, म्हणजे ७.९ च्या बरोबर निम्मा. ‘जागा जुळते की नाही’ हे एकच परिवर्त्य मानले, तर ज्याला आपण आंतरक्रिया म्हणत होतो तोच त्या परिवर्त्याचा मुख्य परिणाम ठरतो. मुख्य परिणाम कोणता आणि आंतरक्रिया कोणती हे काही अंशी आपण परिवर्त्यांना नावे कशी देतो यावर ठरते, ही गोष्ट मला स्वतःला अनेक वर्षे शिकवूनही आज पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

९ जुलै
कालच्या तक्त्याला आज एक पुरवणी जोडली. राल्फ रॉस्नो आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी १९८९ साली दाखवून दिले होते की संशोधक आंतरक्रियेचा अर्थ लावतो असे म्हणतात आणि प्रत्यक्षात कप्प्यांच्या सरासऱ्यांचा अर्थ लावतात. एकूण सरासरी १०.४७५ आणि दोन्ही मुख्य परिणामांचे वाटे काढून घेतले, तर चारही कप्प्यांत उरते ते फक्त अधिक १.९७५ किंवा उणे १.९७५: जुळणाऱ्या दोन कप्प्यांत अधिक, न जुळणाऱ्या दोन कप्प्यांत उणे. दोन गुणिले दोन अभिकल्पात शुद्ध आंतरक्रियेचे रूप नेहमी असेच, सारख्या आकाराच्या फुलीचे असते. आलेखात मात्र दोन्ही रेषा सारख्या उताराच्या दिसत नाहीत, कारण त्यांत मुख्य परिणामही मिसळलेले असतात.

माझे मत असे की विद्यार्थ्यांनी दोन्ही करावे, पण अर्थ लावताना कप्प्यांच्या सरासऱ्यांनाच चिकटून राहावे. पाणबुड्याला प्रत्यक्षात १३.५ शब्द आठवतात, १.९७५ नव्हे. आलेख एकदा शिकण्याची जागा आडव्या अक्षावर ठेवून आणि एकदा आठवण्याची जागा ठेवून काढावा, अशी सूचनाही घातली. आकडे तेच राहतात. एका आलेखात न दिसलेली गोष्ट दुसऱ्यात दिसते.

१५ जुलै
आंतरक्रिया दिसते की नाही हे मोजण्याच्या पट्टीवरही ठरते, हा मापनपट्टीचा मुद्दा घालावा की नको यावर दोन दिवस घुटमळलो. जेफ्री लॉफ्टस यांनी १९७८ साली मांडलेला हा मुद्दा भाग एकच्या मुलांना जड जाईल असे एक मन म्हणत होते. शेवटी घातला, कारण प्रतिक्रियाकालाची प्रात्यक्षिके ती दर आठवड्याला करतात आणि तेथे हा खड्डा ठरलेलाच असतो.

समजा, सोप्या कामात पहिल्या गटाला ४०० मिलिसेकंद लागतात आणि दुसऱ्या गटाला ६००. अवघड कामात पहिल्याला ५०० आणि दुसऱ्याला ७५०. आकडे कल्पित आहेत. मिलिसेकंदांत पाहिले तर अवघडपणाने पहिल्या गटाचा वेळ १०० ने वाढला आणि दुसऱ्याचा १५० ने, म्हणजे दुसऱ्या गटाला अवघडपणाचा जास्त त्रास झाला. प्रमाणात पाहिले तर दोन्ही गटांचा वेळ सव्वापट झाला आहे, म्हणून लॉगरिदम घेतले की आंतरक्रिया शून्यावर येते. वेळेऐवजी वेग मोजला, म्हणजे एका सेकंदात किती प्रतिसाद होतील ते काढले, तर पहिला गट २.५ वरून २.० वर उतरला आणि दुसरा १.६७ वरून १.३३ वर, अर्ध्याची घट एकीकडे, एक तृतीयांशाची दुसरीकडे, म्हणजे आता पहिल्या गटालाच जास्त त्रास झाला! चार आकडे तेच, निरीक्षणे तीच, आणि निष्कर्ष तीन.

पाणबुड्यांच्या तक्त्याला ही बाधा होत नाही. किनाऱ्यावर शिकलेल्यांच्या बाबतीत १३.५ हे ८.६ पेक्षा मोठे आहे आणि पाण्याखाली शिकलेल्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. क्रम कायम ठेवणारे कोणतेही रूपांतर केले तरी हा उलटा क्रम सरळ होणार नाही. रेषा खरोखर एकमेकींना छेदतात आणि रेषा केवळ पंख्यासारख्या फाकतात, हे दोन प्रकार वेगळे का ठेवायचे, ते विद्यार्थ्यांना येथे समजावे.

२२ जुलै
वर्गात करावयाच्या प्रयोगाची पूर्वचाचणी घेतली. अभिकल्प पाणबुड्यांचाच, फक्त समुद्राऐवजी गोंगाट. १९९८ साली ग्रँट आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग शांत आणि गोंगाटाच्या स्थितीत केला होता. त्यांनी कॅफेटेरियातील आवाज ध्वनिमुद्रित करून वापरला होता, आम्ही उपाहारगृहात मधल्या सुटीत मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण वापरले. शब्दयाद्या चार, प्रत्येकीत वीस शब्द, सर्व दोन ते चार अक्षरी.

चाचणीत माझीच एक ढोबळ चूक उघड झाली. सोय म्हणून मी याद्या स्थितींना कायमच्या बांधून टाकल्या होत्या: शांत-शांतला (शिकताना शांत, आठवतानाही शांत) ‘अ’, शांत-गोंगाटला ‘ब’, गोंगाट-शांतला ‘क’ आणि गोंगाट-गोंगाटला ‘ड’. सहावा प्रयुक्त ‘ड’ यादी लिहिताना थबकला, मग त्याने ‘कढई, झारा, उलथने, पोळपाट’ असे चार शब्द एका दमात लिहिले आणि माझ्याकडे पाहून हसला. यादी करताना हे चार शब्द मी वेगवेगळ्या ठिकाणी टाकले होते, त्यामुळे ते असंबद्ध वाटले होते. त्याने ते ओट्यावर एकत्र मांडले. मागचे कागद उलटून पाहिले तर आणखी तिघांनी तेच केले होते. ‘ड’ यादी सोपी असेल आणि ती नेहमी गोंगाट-गोंगाटलाच येत असेल, तर त्या एका कप्प्याची सरासरी वर उचलली जाते. आणि चारपैकी एकच कप्पा उचलला गेला की दोन मुख्य परिणाम व आंतरक्रिया या तिन्हींत तो वाटा शिरतो. विश्लेषणाला यादीचा सोपेपणा आणि संदर्भाची जुळणी यांतला भेद ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

पूर्वचाचणीचे सर्व कागद बाजूला ठेवले. त्यांच्या सरासऱ्या काढल्या नाहीत, काढल्या असत्या तर त्या डोक्यात राहिल्या असत्या.

२९ जुलै
सांख्यिकी शिकवणाऱ्या सहकारी मॅडमना मसुदा वाचायला दिला होता. त्यांनी एकाच परिच्छेदाला लाल शाईने चौकट घालून तो परत केला. मी लिहिले होते की १९७५ च्या प्रयोगात प्रत्यावाहनावर जागेच्या जुळणीचा सार्थक (निव्वळ योगायोगाने येणे अवघड असा) परिणाम मिळाला, गॉडन आणि बॅडली यांनीच १९८० साली प्रत्यभिज्ञानावर (आधीचा शब्द समोर आल्यावर ओळखण्यावर) केलेल्या प्रयोगात तो मिळाला नाही, ‘म्हणून’ प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञान यांच्यावर संदर्भाचा परिणाम भिन्न होतो. मॅडमनी चौकट ‘म्हणून’ या शब्दाभोवती पुन्हा एकदा गिरवली होती.

त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मीच वीस पाने आधी लिहिले आहे. एकीकडे सार्थक आणि दुसरीकडे असार्थक हा दोन परिणामांमधला फरक तपासल्याचा पुरावा नसतो. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेल्मन आणि हॅल स्टर्न यांनी २००६ साली दिलेले उदाहरण याला पुरेसे आहे: एका अभ्यासात परिणाम २५ आणि प्रमाण त्रुटी (त्या अंदाजातील अनिश्चितता) १०, दुसऱ्यात परिणाम १० आणि प्रमाण त्रुटी १०. पहिला सार्थक, दुसरा शून्यापासून जेमतेम एका त्रुटीच्या अंतरावर. परंतु त्यांच्यातला फरक १५ आहे आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १४, म्हणजे फरक सार्थकतेच्या जवळपासही नाही. ही चूक नवशिक्यांपुरती नाही. नियूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मेंदूविज्ञानातील ५१३ लेख तपासले. ज्या १५७ लेखांत अशी तुलना करण्याचा प्रसंग आला होता, त्यांपैकी ७८ मध्ये आंतरक्रिया थेट तपासली होती आणि ७९ मध्ये ‘इथे सार्थक, तिथे नाही’ एवढ्यावर भागवले होते.

आमच्या प्रात्यक्षिक वह्यांत ही चूक फार साळसूद रूपात येते. विद्यार्थी शांत स्थितीसाठी एक टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतील फरकाची चाचणी) करतो, गोंगाटासाठी दुसरी, एकीपुढे सार्थकतेची खूण म्हणून तारा काढतो, दुसरीपुढे काढत नाही, आणि निष्कर्षात आंतरक्रिया सिद्ध झाल्याचे लिहितो. गुणही मिळतात, मीच दिलेले आहेत.

परिच्छेद असा बदलला: दोन्ही प्रयोगांचे निष्पन्न वेगळे आले, स्मरणचाचणीच्या प्रकाराने संदर्भाचा परिणाम बदलतो असे म्हणण्यासाठी शिकण्याची जागा, आठवण्याची जागा आणि चाचणीचा प्रकार या तिन्हींची आंतरक्रिया थेट तपासली पाहिजे. याच न्यायाने याप मुरे यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या १९७५ च्या प्रयोगाच्या पुनरावृत्तीबद्दलचे वाक्यही दुरुस्त केले. त्यांना मूळ प्रयोगासारखा परिणाम मिळाला नाही, हे खरे आणि ते विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. परंतु ‘मूळ प्रयोग खोटा ठरला’ असे मी आधी लिहिले होते, ते त्याच चुकीचे तिसरे रूप होते.

५ ऑगस्ट
नमुन्याच्या आकाराचे पान पूर्ण केले. प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र प्रयुक्त, एकूण ८० प्रयुक्त आणि कप्प्याच्या आत प्रमाण विचलन (माणसामाणसांतील विखुरलेपणा) ४ शब्द असे धरले, तर मुख्य परिणामाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.९ शब्द येते आणि फरकांमधल्या फरकाची १.८, म्हणजे दुप्पट, कारण चार सरासऱ्यांची अनिश्चितता त्यात एकत्र येते. ऐंशी टक्के शक्ती (खरा परिणाम असल्यास तो पकडला जाण्याची शक्यता) हवी असेल तर खरी आंतरक्रिया सुमारे ५ शब्दांची असावी लागेल; ती ३ शब्दांचीच असेल तर एकूण २२४ प्रयुक्त लागतील. मुख्य परिणामाच्या निम्म्या आकाराची आंतरक्रिया तितक्याच शक्तीने पकडायची तर नमुना सोळापट लागतो असे गेल्मन सांगतात, ते याच दुप्पट त्रुटीमुळे: संकेत निम्मा, गोंधळ दुप्पट, मिळून चौपट, आणि नमुना वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

तथापि ‘आंतरक्रियेला नेहमीच प्रचंड नमुना लागतो’ असे वाक्य मी लिहिले आणि खोडले. ८ जुलैच्या नोंदीतले गणित आडवे आले. रेषा पूर्ण छेदत असतील तर फरकांमधला ५ शब्दांचा फरक म्हणजे जुळणारे चाळीस आणि न जुळणारे चाळीस यांच्यातला साधा अडीच शब्दांचा फरक. तो पकडायला कोणत्याही मुख्य परिणामाइतकेच प्रयुक्त पुरतात. महाग पडतात त्या फाकणाऱ्या रेषा, ज्यांत परिणाम एका स्थितीत असतो आणि दुसऱ्या स्थितीत फक्त कमी होतो. मानसशास्त्रात आपण बहुतेक वेळा मांडतो ती गृहीतके नेमकी याच दुसऱ्या प्रकारची असतात.

१२ ऑगस्ट
प्रयोगात लिंग आणि शिक्षणाचे माध्यम हेही घटक घ्यावेत अशी दोन विद्यार्थिनींची सूचना आली. उत्साह समजतो. दोन घटकांत एकच आंतरक्रिया असते, तीन घटकांत चार आणि चार घटकांत अकरा. मुख्य परिणाम धरून एकूण पंधरा चाचण्या. खरा परिणाम एकही नसताना त्यांतली किमान एक पाच टक्के पातळीवर सार्थक निघण्याची शक्यता, चाचण्या स्वतंत्र धरल्या तर, सुमारे ५४ टक्के आहे. तीन घटकांच्या सात चाचण्यांतही ती ३० टक्के होते. आंतरक्रियांच्या मागे लागलेला संशोधक समोरासमोर ठेवलेल्या आरशांच्या दालनात शिरतो, असे मानसशास्त्रज्ञ ली क्रोनबाख यांनी १९७५ साली लिहिले होते, आणि १९५७ साली आंतरक्रिया शोधण्याला सर्वाधिक चालना देणारे तेच होते. सूचना नाकारली. मात्र मराठी आणि इंग्रजी माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. तो कोणाला घ्यायचा असेल तर नेमकी कोणती आंतरक्रिया आणि कोणत्या दिशेने अपेक्षित आहे, ते आधी लिहून आणावे असे सांगितले.

२० ऑगस्ट
याद्या पुन्हा केल्या. ‘ड’ मधून झारा, उलथने आणि पोळपाट काढले. कढई राहू दिली. दोन विद्यार्थ्यांना प्रत्येक यादी मोठ्याने वाचायला लावली आणि जोड्या लागतात का ते पाहिले. ‘ब’ मध्ये ‘वेस’ आणि ‘कमान’ सापडले, कमान गेली.

याद्या आता फिरत्या ठेवल्या आहेत: पहिल्या फेरीत अ-ब-क-ड, दुसऱ्या फेरीत ब-क-ड-अ, याप्रमाणे चार फेऱ्यांत प्रत्येक यादी प्रत्येक स्थितीला एकदा येते. स्थितींचा क्रमही बांधून घेतला. स्थितींना एक ते चार क्रमांक दिले, तर चार क्रम असे: १-२-४-३, २-३-१-४, ३-४-२-१, ४-१-३-२. यात प्रत्येक स्थिती प्रत्येक स्थानी एकदा येते आणि प्रत्येक स्थितीच्या लगेच नंतर उरलेल्या तिन्ही स्थिती एकेकदा येतात, त्यामुळे सरावाचा आणि थकव्याचा भार एका कप्प्यावर पडत नाही. चार क्रम गुणिले यादीच्या चार फेऱ्या म्हणजे सोळा वेगवेगळ्या पत्रिका झाल्या. वर्गात एकोणीस जण आहेत. सोळा प्रयुक्त होतील, एकाकडे घड्याळ, एकाकडे ध्वनिमुद्रण, आणि तिसऱ्याने उत्तरपत्रिकांवरचे स्थितीचे क्रमांक झाकून शब्द मोजायचे. पत्रिका उद्या झेरॉक्सला देत आहे.